वर्षानुवर्षे चाललेली गेमिंग स्पर्धा थांबवताना: आयोजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेने सुरू केलेली लॅन स्पर्धा (एकाच सभागृहात संगणक केबलने एकमेकांना जोडून खेळली जाणारी) किंवा वार्षिक गेमिंग मेळावा दहा-पंधरा वर्षे टिकला की तो एकट्या आयोजकांचा राहत नाही. दर वर्षी त्या तारखांना रजा टाकून येणाऱ्या खेळाडूंचाही त्यावर हक्क तयार होतो. म्हणूनच असा मेळावा थांबवणे हे तो सुरू करण्यापेक्षा अवघड काम आहे. पुढील उत्तरे स्वयंसेवी आयोजकांसाठी आहेत. त्यांत जगातल्या मोठ्या मेळाव्यांची उदाहरणे आली आहेत, कारण त्यांच्या शेवटाची हकिकत सर्वांसमोर घडली आणि त्यांना ज्या गोष्टी नडल्या त्याच लहान मेळाव्यांनाही नडतात. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो: थांबायचे असेल तर हाताशी पैसा, माणसे आणि लोकांचा विश्वास शिल्लक असतानाच थांबावे आणि तसे स्पष्ट शब्दांत सांगून थांबावे.

थांबण्याची वेळ आली आहे, हे कशावरून ओळखावे?

बहुतेक आयोजक आधी जमाखर्चाकडे पाहतात, पण पहिली खूण माणसांमध्ये दिसते. स्पर्धेचे काम आज किती जण करतात आणि त्यांपैकी गेल्या दोन-तीन वर्षांत नव्याने किती आले, हे प्रामाणिकपणे मोजावे. नवे कोणीच आले नसेल, तर स्पर्धा जुन्या माणसांच्या उरलेल्या ताकदीवर चालली आहे असे समजावे.

याचे साधे उदाहरण विजेचे आहे. एका गेमिंग संगणकाला पडद्यासह ४०० ते ५०० वॅट धरले, तर ५० संगणकांना २० ते २५ किलोवॅट लागतात, आणि १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर सात-आठपेक्षा जास्त संगणक जोडता येत नाहीत. त्यामुळे कोणत्या रांगेला कोणत्या फेजवरून वीज द्यायची, पंखे आणि ध्वनियंत्रणा कुठून घ्यायची, जनरेटर किती केव्हीएचा मागवायचा, हे सगळे आधी बसवावे लागते. पुष्कळ ठिकाणी ही मांडणी एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात असते. स्पर्धेच्या आदल्या रात्री तो टेबलांखाली गुडघ्यांवर बसून केबल ओढत असतो, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने क्रमांक घालत असतो आणि बाकीचे त्याला नेटवर्कचा पुढचा स्विच कुठे ठेवायचा ते विचारत असतात. हा माणूस नोकरीसाठी बंगळूरला किंवा जर्मनीला गेला, तर पुढच्या वर्षीची स्पर्धा होईल का? या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर त्याला अजून वर्षभर गळ घालण्याऐवजी थांबण्याचा विचार सुरू करावा.

दुसरी खूण पैशाची आहे. सभागृहाची अनामत कोणीतरी स्वतःच्या खिशातून भरतो आणि ती रक्कम पुढील वर्षाच्या नोंदणी शुल्कातून परत मिळेल या आशेवर राहतो, असे सलग दोन वर्षे घडले तर तो मित्रामित्रांतला व्यवहार राहिलेला नसतो. ते कर्ज असते. कर्जावर चालणारी स्पर्धा मैत्री घेऊन बुडते. आम्हांला पैसा बुडण्यापेक्षा याचेच अधिक भय वाटते.

गर्दी अजून चांगली होते. अशा वेळी बंद करणे चुकीचे ठरणार नाही का?

गर्दी हा फार उशिरा हलणारा काटा आहे. लॉस एंजेलिसला १९९५ मध्ये सुरू झालेल्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला २०१९ मध्ये सुमारे ६६ हजार लोक आले होते. प्रत्यक्ष लोकांच्या उपस्थितीत भरलेले ते त्याचे शेवटचे प्रदर्शन ठरले. त्या वर्षी सोनी आलीच नव्हती, आणि निंटेंडोने तर २०१३ पासूनच तेथील मोठी पत्रकार परिषद सोडून स्वतःच्या ध्वनिचित्रफितींतून नवे खेळ जाहीर करण्याचा मार्ग धरला होता. ज्या कामासाठी ते प्रदर्शन जन्माला आले, ते काम कंपन्या घरबसल्या करू लागल्या होत्या. दारावरची रांग मात्र तशीच होती, त्यामुळे आत काय आटले आहे हे रांगेकडे पाहून कळले नसते.

म्हणून स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा. आपली स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती कोणती गरज भागवत होती? घरात चांगला संगणक आणि वेगवान इंटरनेट नसल्यामुळे मुले एकत्र येत असतील, तर ती गरज आता पुष्कळ घरांत उरलेली नाही. समोरासमोर बसून खेळण्यासाठी, शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी मुलाशी ओळख व्हावी म्हणून लोक येत असतील, तर ती गरज अजूनही आहे, आणि तेव्हा स्पर्धा बंद न करता तिचा पसारा कमी करणे शहाणपणाचे ठरू शकते. चौसष्ट संघांची दोन दिवसांची स्पर्धा झेपत नसेल, तर सोळा संघांचा एक रविवार झेपू शकतो. हा पर्याय तपासल्याशिवाय बंद करण्याचा ठराव मांडू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कायमचे बंद करण्याऐवजी एक वर्ष विश्रांती घेतली तर?

घ्यावी, पण परत येण्याची तारीख ठरवून आणि तसे सांगून. ब्लिझार्ड कंपनीने आपला ब्लिझकॉन हा मेळावा २०२४ मध्ये भरवणार नाही असे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कळवले आणि पुढे २०२६ मध्ये तो पुन्हा भरवण्याचे जाहीर केले. वाट पाहणाऱ्यांना निदान कशाची वाट पाहायची हे कळले. ई-थ्रीच्या बाबतीत उलटे झाले. २०२० चे प्रदर्शन साथीमुळे रद्द झाले, २०२१ चे केवळ ऑनलाइन झाले, २०२२ चे रद्द झाले, २०२३ साठी नवे आयोजक नेमून मोठी घोषणा झाली आणि मार्चअखेरीस तेही रद्द झाले. शेवटी १२ डिसेंबर २०२३ रोजी कायमचा पूर्णविराम दिला गेला. त्या चार वर्षांत दर वेळी थोडे लोक आशा सोडत गेले आणि समर गेम फेस्टसारख्या नव्या कार्यक्रमांनी ती जागा भरून काढली.

"यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू" हे उत्तर दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली, की ती विश्रांती राहिलेली नाही असे धरून चालावे. "दादा, यंदा कधी आहे?" असे विचारणाऱ्या मुलाला त्याचे वर्ष आखायचे असते.

ज्या खेळाची स्पर्धा भरवतो, तो खेळच बंद झाला किंवा परवानगी मिळेनाशी झाली तर काय करावे?

भारतातल्या आयोजकांना याचा चांगलाच अनुभव आहे. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय हा खेळ जुलै २०२२ च्या अखेरीस अॅप स्टोअरमधून गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फ्री फायरवरही बंदी आली. केवळ एका मोबाइल खेळावर उभ्या असलेल्या स्पर्धांचे वेळापत्रक प्रत्येक वेळी एका दिवसात कोसळले, आणि त्यात आयोजकांचा काही दोष नव्हता.

खेळाच्या मालकाची परवानगी हा दुसरा धोका आहे. क्रिकेटचा चेंडू कोणाच्या मालकीचा नसतो, व्हिडिओ गेम मात्र कायद्याने कोणाच्या तरी मालकीचा असतो. निंटेंडोच्या सुपर स्मॅश ब्रदर्स या खेळाच्या स्मॅश वर्ल्ड टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेच्या आयोजकांनी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी, अंतिम स्पर्धा तोंडावर असताना, ती रद्द केल्याचे सांगितले आणि निंटेंडोचा परवाना न मिळणे हे कारण दिले. निंटेंडोने २०२२ मधील उरलेले कार्यक्रम रद्द करा असे आपण सांगितले नव्हते, अशी बाजू मांडली. खरे-खोटे बाजूला ठेवले, तरी तिकिटे, विमान आणि हॉटेल यांचे पैसे भरलेल्या खेळाडूंना त्या वादाचा काही उपयोग नव्हता. पुढच्याच वर्षी निंटेंडोने हौशी स्पर्धांसाठी लेखी नियम आणले आणि त्यांत प्रत्यक्ष स्पर्धेसाठी २०० खेळाडूंची मर्यादा घातली. ज्या खेळाच्या मालकाने असे नियम प्रसिद्ध केले आहेत, त्याचे नियम सभागृह आरक्षित करण्याआधी वाचावेत. नियमांत बसणे जमणार नसेल, तर दुसरा खेळ घ्यावा. दुसऱ्या खेळात आपल्या माणसांचे मन रमत नसेल, तर थांबण्यासाठी हे पुरेसे आणि प्रतिष्ठित कारण आहे.

मुख्य प्रायोजक निघून गेला. एवढ्या कारणावरून बंद करावे का?

तेवढ्यावरून नाही. प्रायोजकाशिवायचा खर्च मांडून पाहावा. बक्षिसाची रक्कम, छपाई, टी-शर्ट आणि थेट प्रक्षेपण वजा केले, तर उरते सभागृह, वीज, नेटवर्क आणि जेवण. तो खर्च नोंदणी शुल्कातून निघत असेल, तर स्पर्धा प्रायोजकाविना जगू शकते. निघत नसेल, तर ती स्पर्धा आधीपासूनच प्रायोजकाची होती.

वर्ल्ड सायबर गेम्स ही स्पर्धा सॅमसंगच्या पाठबळावर वाढली. २००० मध्ये दक्षिण कोरियात तिची पूर्वतयारीची स्पर्धा झाली, २००१ पासून ती नियमित भरू लागली आणि गेमिंगचे ऑलिंपिक म्हणून लोक तिच्याकडे पाहू लागले. २०१३ मध्ये चीनमधील कुन्शान येथे तिची अंतिम फेरी झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ती यापुढे होणार नसल्याचे कळवले गेले. इतक्या मोठ्या स्पर्धेलाही एका कंपनीच्या धोरणाबाहेर उभे राहता आले नाही.

आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. त्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र वेगळे स्थान दिले. पैशांचे खेळ चालवणाऱ्या कंपन्यांच्या फलकांवर ज्यांचा खर्च निघत होता, त्यांचा तो स्रोत संपला. जुन्या ओळखीवर असा फलक पुन्हा लावण्याच्या मोहात कोणीही पडू नये.

बंद करण्यापेक्षा स्पर्धा दुसऱ्यांच्या हाती सोपवणे बरे नाही का?

योग्य माणसे मिळाली तर नक्कीच बरे. फायटिंग गेमची इव्हो स्पर्धा १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात 'बॅटल बाय द बे' या नावाने सुरू झाली. २०२१ मध्ये ती सोनी आणि आणखी एका कंपनीने मिळून घेतली, आणि २०२५ मध्ये सोनीचा हिस्सा नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीकडे आला. मालक बदलले, स्पर्धा चालू राहिली.

सोपवताना नाव, साहित्य आणि जबाबदारी ही तिन्ही एकत्र द्यावीत. नाव दिले आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांची चावी स्वतःकडे ठेवली, तर नवा संघ पहिल्याच वर्षी हतबल होतो. उलट, नव्या संघाने नियम बदलले तर जुन्यांनी जाहीरपणे नाराजी दाखवू नये. ज्यांना हे दोन्ही जमणार नाही असे वाटते, त्यांनी नाव स्वतःकडे ठेवून स्पर्धा बंद करावी आणि नव्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या नावाने सुरुवात करू द्यावी. आमचा कल या दुसऱ्या मार्गाकडे आहे. नव्या आयोजकांना जुन्या नावाच्या ओझ्यापेक्षा जुनी केबल, सभागृहवाल्याची ओळख आणि गेल्या पाच वर्षांचे खर्चाचे कागद जास्त उपयोगी पडतात.

हा निर्णय कोणी घ्यायचा? खेळाडूंचे मत घ्यावे का?

निर्णय काम करणाऱ्यांचा. खेळाडूंना मत विचारले, तर बहुतेक जण चालू ठेवा असेच म्हणतील, आणि त्यानंतर बंद केले तर आपले मत डावलले गेले असे त्यांना वाटेल. त्यांना मत विचारण्याऐवजी मदत मागावी: नेटवर्कचे काम कोण शिकेल, सामन्यांचे पंच कोण होतील, दोन रात्री साहित्याजवळ कोण झोपेल. महिनाभरात पुरेशी नावे आली, तर निर्णय आपोआप बदलतो.

आयोजकांच्या बैठकीत मात्र प्रत्येकाला बोलू द्यावे, विशेषतः ज्याला बंद करायचे आहे पण तसे म्हणायला संकोच वाटतो त्याला. पुष्कळदा सर्वांत जुना कार्यकर्ता सर्वांत जास्त थकलेला असतो आणि "पोरांचा हिरमोड होईल" म्हणून गप्प बसतो.

जाहीर कधी करावे आणि काय लिहावे?

नोंदणी उघडण्याच्या आणि पैसे घेण्याच्या आधी जाहीर करावे. बाहेरगावचे संघ रेल्वेचे आरक्षण साधारण दोन महिने आधी करतात, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवावी. मुख्य प्रायोजक, सभागृहाचे व्यवस्थापक आणि दर वर्षी कष्ट घेणारे स्वयंसेवक यांना ही बातमी समाजमाध्यमांवरून कळता कामा नये; त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगावे.

मजकूर लांबलचक नसला तरी चालेल. ई-थ्रीचा निरोप दोन-तीन वाक्यांचा होता आणि त्याच्या शेवटी खेळाडू सामना संपल्यावर एकमेकांना लिहितात ती 'जीजीडब्ल्यूपी' (गुड गेम, वेल प्लेड) ही चार अक्षरे होती. तो निरोप थोडक्यात होता, पण कारणे न सांगितल्यामुळे लोकांनी ती आपापल्या परीने लावली. पॅक्स साउथ हा टेक्सासमधील सॅन अँटोनिओचा मेळावा २०१५ पासून २०२० पर्यंत भरला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो बंद करताना आयोजकांनी तो अपेक्षेप्रमाणे वाढला नाही असे सरळ सांगून टाकले. आमच्या मते हा मार्ग चांगला. कारण एका वाक्यात द्यावे, कोणा एका माणसावर खापर फोडू नये आणि पैसे कधी व कसे परत मिळतील हे त्याच मजकुरात लिहावे.

एक शेवटचे पर्व भरवावे का?

माणसांत ताकद असेल तरच. शेवटच्या पर्वाला जुने सगळे येतात, अपेक्षा वाढतात, खर्चही वाढतो. ते झेपणार नसेल, तर स्पर्धा न घेता एका संध्याकाळी भेटावे. जुने ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळले याचे तक्ते), छायाचित्रे आणि चषक मांडावेत.

उरलेले पैसे आणि साहित्य यांचे काय करावे?

आधी देणी चुकवावीत: सभागृह, मांडव, जनरेटर, जेवण, छपाई, आणि विजेत्यांची राहिलेली बक्षिसे. बक्षिसातून आयकर कापला असेल तर तो भरलेला असावा आणि विजेत्यांना कापलेल्या कराचे प्रमाणपत्र मिळालेले असावे. थकलेली बक्षिसे ही या क्षेत्रातली जुनी जखम आहे आणि चांगली स्पर्धा त्याच एका कारणाने बदनाम होते. त्यानंतर गणेशोत्सव मंडळ जमाखर्चाचा फलक लावते तसा पूर्ण हिशेब सर्वांना दिसेल असा मांडावा.

स्विच, एक्स्टेंशन बोर्ड, हेडफोन आणि केबल यांची यादी करून ती एखाद्या शाळेच्या संगणक कक्षाला, ग्रंथालयाला किंवा नव्या आयोजकांना द्यावीत. एखाद्याने स्वतःचे साहित्य वापरायला दिले असेल, तर ते आधी वेगळे काढावे. माळ्यावर ठेवलेल्या केबल दोन पावसाळ्यांत कडक होतात आणि कोणाच्याच कामाच्या राहत नाहीत.

आमची संस्था नोंदणीकृत आहे. स्पर्धा बंद केली की संस्थाही आपोआप बंद होते का?

होत नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार संस्था विसर्जित करण्यासाठी किमान तीन पंचमांश सदस्यांची संमती लागते, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सदस्यांना आपसांत वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडील प्रक्रियाही पूर्ण करावी लागते. हे काम सनदी लेखापालाच्या सल्ल्याने करावे. संस्था चालू ठेवून फक्त स्पर्धा थांबवायची असेल, तर तसा ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि वार्षिक हिशेब सादर करणे चालू ठेवावे.

खेळाडूंची माहिती आणि जुने निकाल ठेवावेत की काढून टाकावेत?

दोन्हींचा विचार वेगळा करावा. फोन क्रमांक, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती आणि बँक खात्यांचे तपशील यांतून हिशेबासाठी कायद्याने ठेवावे लागते तेवढेच ठेवावे, बाकीचे काढून टाकावे. २०१९ मध्ये ई-थ्रीला आलेल्या दोन हजारांहून अधिक पत्रकारांची आणि इतरांची वैयक्तिक माहिती आयोजकांच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येईल अशी पडून असल्याचे उघडकीस आले होते. जे ठेवलेलेच नाही ते फुटत नाही. बंद पडलेल्या स्पर्धेच्या नोंदणी अर्जांवर तर कोणाचे लक्षही नसते, त्यामुळे धोका अधिक.

निकाल, ब्रॅकेट, नियमांच्या जुन्या प्रती, सामन्यांची चित्रणे आणि विजेत्या संघांची नावे मात्र जपावीत. एखाद्या मुलाने जिल्ह्याच्या गावी अंतिम सामना जिंकला होता याची दुसरी कुठेही नोंद नसते. दोन वेगळ्या लोकांकडे दोन प्रती ठेवाव्यात.

पुढे कधी पुन्हा सुरू करावेसे वाटले तर?

त्यात काही वावगे नाही. वर्ल्ड सायबर गेम्सचे नाव २०१७ मध्ये कोरियाच्याच स्माइलगेट या कंपनीने घेतले आणि २०१९ मध्ये चीनमधील शीआन येथे ती स्पर्धा पुन्हा भरली. नाव जुने होते, आयोजक वेगळे होते, खेळही बरेचसे वेगळे होते, तरीही लोक आले. जुने नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि समाजमाध्यमांवरील खाती कोणाच्या ताब्यात आहेत, त्यांचे वार्षिक शुल्क कोण भरणार आणि ती कोणाच्या संमतीने वापरता येतील, हे बंद करण्याच्या ठरावातच लिहून ठेवावे. तो ठराव सर्व आयोजकांच्या सह्यांसह हिशेबाच्या फाइलला जोडावा.